भावे गौरवपदक आणि दर्पण पुरस्कार

सांगली व सातारा जिल्ह्यांतील संस्थांकडून दरवर्षी दिले जाणारे दोन राज्यस्तरीय सन्मान. पहिला रंगभूमीसाठी, दुसरा पत्रकारितेसाठी. दोन्ही त्या-त्या क्षेत्राच्या मराठीतील प्रारंभदिनाशी जोडलेले आहेत.

विष्णुदास भावे गौरवपदक सांगलीची अखिल महाराष्ट्र नाट्य विद्यामंदिर समिती ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी देते. १८४३ मध्ये याच तारखेला विष्णुदास भावे यांनी संस्थानाधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीता स्वयंवर’ हा खेळ सांगलीत केला. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून आप्पासाहेबांनी मराठीत तसे काही करण्यास सांगितले, ही त्यामागची प्रेरणा. या खेळांत पात्रांना लिखित संवाद नसत. पदे सूत्रधार गाई, पात्रे त्या अनुरोधाने अभिनय करीत आणि बोलणे आयत्या वेळी रचीत. गाणाऱ्या सूत्रधाराच्या हाती खेळाची सगळी सूत्रे असत, म्हणून संगीताचा वाटा या रंगभूमीच्या जन्मापासूनच मोठा आहे. आप्पासाहेबांच्या मृत्यूनंतर, १८५१ पासून राजाश्रय संपला आणि भावे यांची मंडळी पुण्या-मुंबईकडे वळली. १९४३ मध्ये सांगलीत रंगभूमीचा शताब्दी महोत्सव झाला. त्या वेळच्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष वि. दा. सावरकर होते.

पदकाचे पहिले मानकरी गायक-नट बालगंधर्व. ही निवड यथोचित होती: शकुंतलेच्या भूमिकेतून त्यांचे रंगभूमीवरील पदार्पण शेजारच्या मिरजेतच झाले होते. अलीकडच्या मानकऱ्यांत रोहिणी हट्टंगडी (२०१९), सतीश आळेकर (२०२२) आणि प्रशांत दामले (२०२३) आहेत. नटांबरोबर नाटककारांचाही विचार होतो. पदक, शाल, श्रीफळ आणि रोख रक्कम असे सन्मानाचे स्वरूप असून सोहळा भावे नाट्यमंदिरात होतो. पत्रकारिता, साहित्य आणि संगीत यांसाठीचे अमेरिकेतील पुलित्झर पारितोषिक (१९१७ पासून) मुख्यतः एखाद्या विशिष्ट कामगिरीला किंवा कृतीला मिळते. भावे पदक मात्र आयुष्यभराच्या रंगसेवेसाठी आहे. म्हणून ते कलावंताला उशिरा मिळते, पण त्याचे मोल रकमेवर ठरत नाही. सांगलीच्या रंगमंचावर ते स्वीकारणे हाच नाट्यव्यवसायात मोठा मान समजला जातो.

दर्पण पुरस्कार फलटणच्या महाराष्ट्र पत्रकार कल्याण निधी या संस्थेचे आहेत. बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ हे पहिले मराठी वृत्तपत्र सुरू केले. एका स्तंभात मराठी आणि शेजारी इंग्रजी मजकूर, अशी त्याची मांडणी होती. १८४० मध्ये ते बंद पडले. जांभेकर १८४६ मध्ये, पस्तिशीही न गाठता वारले. ६ जानेवारीच्या पत्रकार दिनाच्या निमित्ताने दिले जाणारे हे पुरस्कार त्यांच्या जन्मगावी, देवगड तालुक्यातील पोंभुर्ले येथे प्रदान केले जातात. फलटणच्या संस्थेने तेथे जांभेकरांचे स्मारक उभारले आहे. देशावरच्या एका तालुक्याच्या गावातील संस्थेने कोकणातल्या आडबाजूच्या गावाची ही आठवण जिवंत ठेवली, ही मराठी पत्रकारितेविषयीची मोठी कृतज्ञता आहे.

पत्रकारिता, साहित्य आणि संगीत ही क्षेत्रे या परिसरात पूर्वीपासून एकमेकांत मिसळलेली आहेत. कराडजवळच्या टेंभू येथे जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर ‘केसरी’चे पहिले संपादक, शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ त्यांनीच लिहिले. सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी ‘केसरी’चे संपादकपद सांभाळले, १९२३ मध्ये ‘नवाकाळ’ काढला आणि ‘मानापमान’ (१९११) व ‘स्वयंवर’ (१९१६) ही संगीत नाटकेही लिहिली. त्यांची पदे गोविंदराव टेंबे आणि भास्करबुवा बखले यांच्या चालींवर बालगंधर्वांनी घरोघरी पोहोचवली. सांगलीलगतच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल हे ‘संगीत शारदा’चे (१८९९) कर्ते.

या तिन्ही क्षेत्रांचा एकत्रित विचार मात्र या दोन पुरस्कारांपैकी कोणताही करत नाही. भावे पदक रंगभूमीपुरते, तर दर्पण पुरस्कार वृत्तपत्रसृष्टीपुरते मर्यादित आहेत.