सागरापलीकडची धूळ आणि कळमेश्वरचा दमा

२३ जानेवारी २०२२ रोजी, रविवारी, मुंबईवर एक धुरकट आवरण पसरले. पहाटेचे धुके असेल असे अनेकांना प्रथम वाटले. पण उन्हे वर आली तरी ते विरले नाही, आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मोटारींवर पांढुरकी पूड साचलेली दिसू लागली. आदल्या दिवशी कराचीत धुळीचे वादळ झाले होते. पश्चिमी विक्षोभामुळे जोरावलेल्या वाऱ्यांनी ती धूळ ईशान्य अरबी समुद्रावरून सौराष्ट्र, मुंबई व उत्तर कोकणाकडे आणली. कराची ते मुंबई हे हवाई अंतर सुमारे ९०० किलोमीटर आहे. ताशी चाळीस किलोमीटरचा वारा ते एका दिवसात तोडतो. उपग्रहाच्या छायाचित्रांत समुद्रावरचा तो तपकिरी पट्टा स्पष्ट दिसत होता.

मुंबईला हा अनुभव नवा नव्हता. मार्च २०१२ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०१५ मध्ये अरबी द्वीपकल्पावरून निघालेली धूळ समुद्र ओलांडून येथवर पोहोचली होती. अशा दिवसांत शिंका, डोळ्यांची आग, खोकला आणि दम्याचा जोर यांच्या तक्रारी वाढतात. त्यामुळे ‘वाळवंटी धुळीची ॲलर्जी’ असा शब्दप्रयोग रूढ होऊ पाहतो आहे. तो कितपत खरा आहे आणि समुद्रापासून सुमारे सातशे किलोमीटर आत असलेल्या विदर्भाशी त्याचा संबंध काय, हे पाहण्याजोगे आहे.

धूळ समुद्र कशी ओलांडते

वाऱ्याने सर्वप्रथम उडते ती धूळ नव्हे, वाळू. वाळूचे जड कण जमिनीवरून उड्या मारत पुढे जातात आणि आदळताना मातीतील अतिसूक्ष्म कण मोकळे करतात. वाळू काही अंतरावर खाली बसते. दहा मायक्रॉनहून लहान कण मात्र तापलेल्या हवेबरोबर काही किलोमीटर उंच चढतात आणि अनेक दिवस तरंगत राहतात. (माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो.) समुद्रावर आल्यावर खाली थंड, दमट हवेचा थर असतो व त्यावरून ही कोरडी, उष्ण हवा सरकत जाते. डोंगर नाही, झाडी नाही, अडविणारे काहीच नाही. पाऊस लागला तरच ती धुऊन निघते.

अरबी समुद्राभोवती अशा धुळीची तीन मोठी उगमस्थाने आहेत : अरबी द्वीपकल्प व इराकचा सपाट प्रदेश, इराण-अफगाणिस्तान सीमेवरील सिस्तानचे कोरडे पडलेले सरोवरक्षेत्र, आणि आपल्या जवळचे थरचे वाळवंट. इराकवरून आखाताकडे वाहणाऱ्या वायव्य वाऱ्याला ‘शमाल’ म्हणतात. सिस्तानात उन्हाळ्यात जवळजवळ अखंड वाहणाऱ्या वाऱ्याचे नावच ‘एकशेवीस दिवसांचा वारा’ असे आहे.

या प्रकाराची शास्त्रीय नोंद बरीच जुनी आहे. जानेवारी १८३२ मध्ये ‘बीगल’ जहाजावरून केप व्हर्डे बेटांवर उतरलेल्या चार्ल्स डार्विनने हवेतून पडणारी बारीक तपकिरी धूळ गोळा केली आणि १८४६ मध्ये अटलांटिकवर पडणाऱ्या धुळीवर लेख प्रसिद्ध केला. एरेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाला तशा धुळीच्या नमुन्यांत सूक्ष्मदर्शकाखाली ६७ प्रकारचे सेंद्रिय अवशेष आढळले होते. सहारातून अटलांटिककडे निघणाऱ्या धुळीचा उपग्रहांच्या आधारे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज वर्षाला सुमारे १८ कोटी टनांचा आहे. त्यातील जवळपास पावणेतीन कोटी टन ॲमेझॉनच्या खोऱ्यात पडते व तिच्याबरोबर सुमारे बावीस हजार टन फॉस्फरस त्या अरण्याला मिळतो. धूळ म्हणजे निव्वळ उपद्रव, ही समजूत त्यामुळे सोडावी लागते.

विदर्भापुरते बोलायचे तर या धुळीचा ठळक संबंध श्वासाशी नसून पावसाशी आहे. भुवनेश्वरच्या आयआयटीतील व्ही. विनोज व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘नेचर जिओसायन्स’मध्ये दाखविले, की अरबी समुद्रावरील धूळ सूर्याची उष्णता शोषून घेते, त्यामुळे बाष्प आणणारे वारे जोर धरतात आणि आठवड्याभराच्या आत मध्य भारतातील पाऊस वाढतो. काटोल-कळमेश्वरच्या वावरात पडणाऱ्या एखाद्या सरीमागे अरबस्तानातील वादळ असू शकते.

ॲलर्जी कशाची?

‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ मध्ये व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडविला. मराठीत त्याला अधिहर्षता म्हणतात, बोलीत वावडे. शरीराची संरक्षणव्यवस्था एखाद्या निरुपद्रवी पदार्थाला शत्रू समजते व त्याविरुद्ध ‘आयजीई’ नावाची प्रतिद्रव्ये तयार करते. तो पदार्थ पुन्हा आला, की हिस्टामिन व तत्सम रसायने मोकळी होतात आणि शिंका, पाणी, खाज, धाप सुरू होते. हा पदार्थ बहुतेक वेळा प्रथिन असतो : परागकणातील, बुरशीच्या बीजाणूतील, मांजराच्या लाळेतील.

येथेच मेख आहे. वाळवंटी धूळ ही मुख्यतः गारगोटी, चिकणमाती व चुनखडीची पूड. तिच्यात प्रथिन नाही. म्हणजे काटेकोर अर्थाने तिची ॲलर्जी होत नाही. घरातील धुळीची ॲलर्जीसुद्धा मातीची नसते. गाद्या-उशांत राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या माइट या अष्टपाद जीवांच्या विष्ठेतील प्रथिनांची ती असते. हे १९६० च्या दशकात नेदरलँड्समधील लायडन येथील संशोधकांनी सिद्ध केले.

मग धुळीच्या दिवशी त्रास का होतो? एक तर बारीक कण श्वसनमार्गाच्या अस्तराला ओरखडतात. दम्याच्या रुग्णाची श्वासनलिका आधीच सुजलेली असते, तिला एवढे निमित्त पुरते. दुसरे, या कणांवर जिवाणूंची विषद्रव्ये, बुरशीचे बीजाणू आणि वाटेतील कारखान्यांची रसायने चिकटून येतात. जपानमध्ये गोबी व चीनच्या वाळवंटांतून समुद्रावरून येणाऱ्या ‘कोसा’ धुळीवर बरेच काम झाले आहे. उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले, की ही धूळ ॲलर्जीकारक प्रथिनाबरोबर फुप्फुसात गेली तर त्या प्रथिनाविरुद्धची प्रतिक्रिया अधिक तीव्र होते. म्हणजे धूळ स्वतः आग लावत नाही, पण लागलेल्या आगीत तेल ओतते.

तरीही निष्कर्ष सावधपणेच काढावा लागतो. कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद बेटावर २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहाराची धूळ आल्यावर दम्यासाठी रुग्णालयात येणाऱ्या मुलांची संख्या वाढलेली आढळली. शेजारच्या बार्बाडोसवर जोसेफ प्रॉस्पेरो १९६० च्या दशकापासून ही धूळ मोजत आले होते. तेथे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र असा संबंध सापडला नाही. धूळ तीच, वारा तोच, निष्कर्ष वेगळे.

कळमेश्वरच्या हवेत काय आहे

नागपूरच्या वायव्येस वीस-बावीस किलोमीटरवर, इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वसलेले कळमेश्वर हे संत्री, कापूस, सोयाबीन व तूर पिकविणारे तालुक्याचे गाव. शेजारी औद्योगिक वसाहत आहे आणि पूर्वेकडे कोराडी व खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रे. एप्रिल-मे महिन्यांत वायव्येकडून येणारे तप्त वारे थरची काही धूळ विदर्भापर्यंत आणतात. परंतु येथील खिडकीच्या गजांवर साचणारी धूळ बहुतांशी घरचीच असते : उन्हाने भेगाळलेली काळी माती, खडीच्या रस्त्यांवरचा भुगा, बांधकामे, राख आणि मळणीचे कुटार.

या शेवटच्या गोष्टीकडे फारच कमी लक्ष जाते. १९८१ ते १९८७ या काळात स्पेनमधील बार्सिलोना शहरात दम्याचे विचित्र उद्रेक होत होते. एखाद्या दिवशी अचानक डझनावारी माणसे धापा टाकत रुग्णालयांत येत, दुसऱ्या दिवशी सारे शांत. वर्षानुवर्षे शोध घेतल्यावर लक्षात आले, की बंदरात जहाजातून सोयाबीन उतरविले जात असे त्याच दिवशी हे घडे. सोयाबीनच्या टरफलातील प्रथिनयुक्त धूळ हवेत मिसळत होती. तेथील एका कोठाराला गाळणी बसविलेली नव्हती. ती बसविल्यावर उद्रेक थांबले. आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये गावोगाव सोयाबीनचे थ्रेशर चालू असते आणि त्याच्या तोंडाशी उभा असलेला मजूर फार तर दुपट्टा गुंडाळतो. त्याच्या खोकल्याला ‘हवा बदलली’ एवढेच निदान मिळते.

दुसरी ओळखीची वस्तू म्हणजे गाजर गवत. मूळ अमेरिका खंडातील हे तण १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात नोंदले गेले आणि पाहता पाहता देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने त्वचेला चिघळणारी खाज सुटते, परागांनी नाक व डोळे वाहतात. याउलट संत्र्याच्या बहरावर बिचाऱ्यावर उगाच आळ येतो. त्याचे पराग जड व चिकट असून मधमाश्यांकरवी वाहिले जातात, वाऱ्याने दूर जात नाहीत. हवेतील पराग व बीजाणू मोजणारे वायुजीवशास्त्र महाराष्ट्राला परके नाही. तेव्हाच्या औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात प्रा. एस. टी. टिळक यांनी या विषयाची पायाभरणी केली.

दूरच्या वाळवंटाला दोष देणे सोपे असते, कारण त्यावर कोणालाच काही करता येत नाही. थ्रेशर, उघडा राखेचा ट्रक आणि रस्त्याकडेचे गाजर गवत यांच्याबाबत मात्र करता येते. निदान चुकले, तर मुलाचा दमा ‘सर्दी-खोकला’ म्हणून वर्षानुवर्षे औषधाच्या बाटल्यांवर निघतो आणि एखाद्या रात्री तातडीने नागपूर गाठावे लागते.

काळजी

वारंवार रात्री खोकला येणे, छातीत शिट्टीसारखा आवाज, ठरावीक हंगामात वा ठरावीक जागी वाढणारा त्रास ही दम्याची लक्षणे असू शकतात. फुंकर-चाचणीने (स्पायरोमेट्री) श्वासनलिकेतील अडथळा कळतो, त्वचेवरील टोचणी-चाचणीने कशाचे वावडे आहे ते समजते. श्वासातून घ्यावयाच्या औषधांविषयी अजूनही ‘सवय लागते’ अशी भीती आहे. ती निराधार आहे. पोटात घेण्याच्या गोळ्यांच्या मानाने इनहेलरमधील मात्रा फार कमी असते व ती थेट फुप्फुसात पोहोचते. नियमित घ्यायचे औषध त्रास नसतानाही डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय थांबवू नये.

धुळीच्या दिवशी खिडक्या बंद ठेवाव्यात, केरसुणीऐवजी ओल्या फडक्याने पुसून घ्यावे, बाहेरचा व्यायाम टाळावा. रुमाल किंवा दुपट्टा मोठे कण अडवितो, अडीच मायक्रॉनचे नाही. त्यासाठी नाकावर नीट बसणारा एन-९५ मास्कच हवा. नाक धुवायचे असल्यास उकळून गार केलेले मिठाचे पाणी वापरावे. हवेतील दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांची भारतातील चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून ४५. वृत्तपत्रात येणारा आकडा वाचताना तो कोणत्या मोजमापाशी ताडून पाहिला आहे, हेही बघावे. आणि तो आकडा शहरातील केंद्राचा असतो, मळणी चाललेल्या खळ्यावरचा नव्हे.