पाठीवरचा त्रिकोण



'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' अशी आपल्यात एक म्हण आहे. ती पायी चालणाऱ्यांच्या काळात जन्मली. मोटारींच्या रस्त्यावर मात्र ती उलटी झाली आहे. तेथे मागचा वेळीच शहाणा झाला नाही, तर ठेच पुढच्याला लागते, आणि पुष्कळदा ती त्याची शेवटचीच असते. सावकाश चालणारे शेतीचे वाहन मागून येणाऱ्याला वेळेत कसे ओळखू यावे, या साध्या प्रश्नाचा इतिहास आज आपणांपुढे ठेवावयाचा आहे.

आरंभी यंत्राची भीती समोरून वाटत असे. ब्रिटिश पार्लमेंटने १८६५ साली वाफेच्या गाड्यांसाठी कायदा केला. खेड्यापाड्यांत ताशी ४ मैल आणि गावात ताशी २ मैल ही वेगाची मर्यादा घातली, आणि गाडीपुढे ६० यार्डांवर लाल निशाण घेतलेला माणूस चालला पाहिजे असे ठरविले. त्या काळी रस्ता घोड्यांचा होता आणि पाहुणे होते ते यंत्र. पुढे १८९६ साली हलक्या मोटारींवरील हे बंधन उठले. आणि बघता बघता रस्ता मोटारीचा होऊन बाकीचे सारे पाहुणे ठरले.

शेतातला ट्रॅक्टर त्या रस्त्यावर आला तो रबरी टायरमुळे. पूर्वी त्याची चाके दातेरी लोखंडाची असत. पक्क्या सडकेवर ती चालवणे म्हणजे सडक खणून काढणेच. अमेरिकेत १९३२ साली ॲलिस-चाल्मर्स कंपनीने हवेच्या टायरांचा ट्रॅक्टर आणला. १९५४ पर्यंत तेथील शेतांवर ट्रॅक्टरांची संख्या घोडे-खेचरांच्या संख्येपेक्षा अधिक झाली होती. दूरदूरच्या तुकड्यांत शेती करणारा शेतकरी आता मोठ्या सडकेवरूनच ये-जा करू लागला, आणि त्याच सडकेवर मोटारींचा वेगही वाढत चालला होता.

येथे थोडे गणित करू. ताशी ५५ मैल वेगाने जाणाऱ्या मोटारीपुढे ३०० फुटांवर ताशी ४५ मैलांनी जाणारी दुसरी मोटार असेल, तर तिला गाठायला सुमारे २० सेकंद लागतात. पुढे ताशी १५ मैलांनी जाणारा ट्रॅक्टर असेल, तर अवघी ५ सेकंद! अंतर तेच, पण चालकाच्या हाती उरलेला वेळ चौथाई. त्यातली काही सेकंदे 'पुढे काय आहे, ते किती वेगाने चालले आहे' हे समजण्यातच जातात. म्हणजे चालक डोळस असूनही फसतो. त्याला गाडी दिसते. तिची मंद गती दिसत नाही.

कामगार चळवळीत आम्हांला हा प्रश्न नवा नाही. पट्ट्यात हात सापडला की पहिला सवाल येतो : कामगार गाफील होता का? वर्षानुवर्षे त्याला 'सांभाळून काम कर' एवढेच सांगितले गेले. हात वाचू लागले ते पट्ट्याला जाळी बसल्यावर. उपदेश फुकट असतो आणि जाळीला पैसे पडतात; म्हणून आधी उपदेश येतो.

रस्त्यावरील ही जाळी शोधण्याचे काम ओहायो स्टेट विद्यापीठात झाले. शेतकी-अभियांत्रिकीचे प्राध्यापक केनेथ हार्कनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी, खऱ्या रस्त्याच्या एक-सोळांश आकाराचा नकली महामार्ग उभारला आणि कोणता आकार, कोणता रंग माणूस लवकर ओळखतो हे तपासले. त्यातून निघाला तो छाटलेल्या कोपऱ्यांचा, टोक वर असलेला त्रिकोण. त्याचा मधला नारिंगी भाग उन्हातील अदृश्य किरणही पिऊन त्यांचा दृश्य प्रकाश करतो, त्यामुळे तो दिवसा आणि संधिप्रकाशातही झळकतो. रात्री दिव्याचा झोत पडताच भोवतीचा लाल काठ तो झोत चालकाकडेच परत पाठवतो. दिवसा नारिंगी त्रिकोण, रात्री लाल पोकळ त्रिकोण. आणि याला ना बॅटरी लागते, ना तार.

डीअर कंपनीतील कार्लटन झिंक यांनी या निशाणाच्या प्रसारास मोठा हातभार लावला. अमेरिकेतील शेतकी अभियंत्यांच्या संस्थेने १९६४ साली त्याची शिफारस केली, आणि १९७१ साली ते राष्ट्रीय मानक झाले. राज्याराज्यांनी कायदे केले : ताशी २५ मैलांहून कमी वेगाने चालणाऱ्या वाहनाच्या पाठीवर हा त्रिकोण हवा.

पण कायद्यापुढे एक अडचण उभी राहिली. घोडागाडी वापरणाऱ्या आमिश पंथातील काही कर्मठ मंडळींनी हा भडक रंग आणि ऐहिक चिन्हावरचा भरवसा आपल्या धर्मात बसत नाही, असे सांगून तो नाकारला. त्यांनी करडी परावर्तक पट्टी आणि कंदील पुढे केला. मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली, राज्यघटनेच्या आधारे, त्यांचे म्हणणे मान्य केले. केंटकीत काहींना तुरुंगवास झाला; अखेर २०१२ साली तेथील विधिमंडळाने पट्टीची मुभा दिली. माणसाच्या श्रद्धेला न दुखवता त्याचा जीव वाचत असेल, तर मला हा निवाडा शहाणपणाचा वाटतो. मात्र एक भेद विसरू नये. पट्टी म्हणते, 'येथे काहीतरी आहे.' त्रिकोण म्हणतो, 'येथे जे आहे ते सावकाश चालले आहे.' म्हणूनच तो त्रिकोण फाटकाच्या खांबावर किंवा उभ्या पाटीवर ठोकला की त्याची भाषाच बिघडते. लांडगा आला रे आला, ही गोष्ट रस्त्यावरही खरी आहे.

आता आपल्या दाराशी येऊ. गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या साखरपट्ट्यात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि टायरच्या बैलगाड्या रात्रंदिवस रस्त्यावर असतात. ट्रॉलीबाहेर आलेल्या मोळ्या मागचा दिवा झाकतात. परावर्तकावर चिखल बसतो. पंक्चर झालेली ट्रॉली अंधारात उभी राहते. मागून येणारा दुचाकीस्वार बहुधा आपल्यासारखाच कोणी गरीब, पाळी संपवून घरी निघालेला असतो. अपघातानंतर दोन गरिबांत भांडण लागते : चूक कोणाची?

माझे म्हणणे असे की, भांडणाआधीच प्रश्न विचारावा. ज्याच्या काट्यावर तो ऊस मोजला जातो, त्याने रिकामी ट्रॉली दारातून बाहेर सोडताना तिची पाठ पाहिली काय? निशाण पुसले काय? नव्हते तर दिले काय? पाठ स्वतःची स्वतःला कधीच दिसत नाही. ती दुसऱ्याने पाहावी लागते. आणि जो त्या पाठीवर भार लादतो, त्याने ती सर्वांच्या आधी पाहिली पाहिजे.