तळे कोणाचे, मासोळी कोणाची?

पूस आणि पैनगंगा यांचा संगम आमच्या महागाव तालुक्यात, हिवरा संगम येथे होतो. तरी माझ्या बालपणी वस्तीत मासोळी म्हणजे आठवडी बाजारातली सुकट नि बोंबील. दोन नद्या उशाशी, आणि ताटात कोकणची वाळलेली मासळी! हे कोडे मला पुढे इतिहास शिकवताना उलगडू लागले.

भंडारा-गोंदियाकडे मालगुजारी तलाव आहेत. ते बांधण्यात कोहळी समाजाचे कसब, मालकी मालगुजाराची, जाळे ढिवराचे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. येथे रयतवारी रुजली. पाणी ज्याच्या शेतात त्याचे. ज्याचे शेत नाही त्याचे काय?

१९२३ मध्ये बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे कागदावर खुले झाले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडले. पाणी पिण्याच्या हक्कासाठी एवढा झगडा! पाण्यावर पोट भरण्याचा हक्क मात्र आपण चळवळीतल्यांनी तेवढ्या जोराने मागितला नाही, असे मला वाटते.

२०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. अट किमान ०.६० हेक्टर जमिनीची. म्हणजे मागणाराही आधी जमीनवाला हवा. माझ्या वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधावर माती टाकली. त्यांना तळे खोदता येत होते, मागता येत नव्हते.

खरे तर हा धंदा गरिबाला झेपणारा आहे. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. एकाच पाण्यात तिघे नांदतात. शेणखताने पाण्यात सूक्ष्म जीव वाढतात, तेच त्यांचे खाद्य. काठावर बदके, बांधावर भाजी, उपसलेला गाळ वावरात. कपाशी बुडाली तरी घरात चार पैसे येतात. अर्थात मासोळीलाही आभाळ छळते. उन्हाळ्यात पाणी आटते, तापलेल्या पाण्यात प्राणवायू घटतो, पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. म्हणून पावसाळ्याच्या तोंडी जिऱ्याऐवजी मोठी बोटुकली सोडावी, म्हणजे पाणी आटण्याआधी विक्रीजोगी होते. जुलै २०२३ च्या पुरात आमच्या तालुक्यातील आनंदनगरला माणसे अडकली, हेलिकॉप्टर मागवावे लागले. अशा पुरात बांधावरून मासे निघून जातात. सांडव्याला जाळी आणि बांधाला उंची हवी.

हे सारे करायला आधी हाती तळे हवे. गावतळ्याची हर्रासी होते, आणि बोली लावायला रोकड लागते. भूमिहीन बायांच्या गटाला तेच तळे काही वर्षांच्या कराराने द्या, पहिल्या वर्षीची रक्कम मासोळी विकल्यावर घ्या, अशी मागणी ग्रामसभेत लेखी मांडता येते. माझ्या विद्यार्थ्यांनी असा अर्ज लिहिला. वडिलांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "पोरा, हर्रासी कधी हाये, थे आधी इचार."