‘व्होल्टेज वाढवा’ : एका हेत्वाभासाची चिकित्सा

जुना गेमिंग पीसी ओव्हरक्लॉक केला आणि खेळ ऐन रंगात असताना तो पडू लागला, की जाणकारांकडून एकच सल्ला मिळतो : प्रोसेसरचे व्होल्टेज वाढवा. निळा पडदा आला, वाढवा. पीसी आपोआप रीस्टार्ट झाला, वाढवा. खेळ मुकाट्याने बंद होऊन डेस्कटॉप दिसू लागला, तरी वाढवा. ०.०१ने भागले नाही तर ०.०२ने, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर ‘चिप म्हातारी झाली’ म्हणून विषय संपवायचा.

हे मत अडाण्यांचे नाही, त्यामुळे पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे. २०११ सालचा इंटेलचा कोअर आय५-२५००के घ्या. त्याचा मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्‌झ, म्हणजे घड्याळाच्या एका ठोक्याला साधारण ३०३ पिकोसेकंद. तोच ४.४वर नेला की ठोक्याला उरतात २२७. चिपमधल्या सर्वांत लांबच्या वाटेवरचा संकेत तेवढ्यात पोहोचला नाही, तर पुढच्या पायरीला शिळे उत्तर मिळते आणि गणित चुकते. व्होल्टेज वाढवले की ट्रान्झिस्टर चपळ होतात आणि संकेत वेळेत पोहोचतो. इथवर सारे निर्विवाद आहे. शिवाय पूर्वपक्षाकडे अनुभवाचा दाखला आहे. १९९८ साली सेलेरॉन ३००ए ६६ऐवजी १०० मेगाहर्ट्‌झच्या बसवर चालवून ३००चा ४५० करणारी पिढी याच वाटेने गेली, आणि एखादी चिप अडलीच तर चिमूटभर व्होल्टेजने तिचे काम होत असे.

घोटाळा यानंतर आहे. ‘व्होल्टेज कमी असेल तर पीसी पडतो’ हे खरे. त्यावरून ‘पीसी पडला, त्या अर्थी व्होल्टेज कमी आहे’ हे कसे सिद्ध होते? आपल्याकडे तर्कशास्त्राच्या पहिल्या पायरीवरच शिकवतात, की धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते, पण अग्नीवरून धुराचे करता येत नाही. तापलेल्या लोखंडात अग्नी असतो, धूर नसतो. जो हेतू साध्याखेरीज इतरत्रही सापडतो तो व्यभिचारी. पीसी पडणे हा असा नमुनेदार व्यभिचारी हेतू आहे. रॅम चुकली, एसएमपीएसची १२ व्होल्टची तार भार येताच खचली, मदरबोर्डवरचा वीज उतरवणारा भाग तापला, ग्राफिक्स कार्ड अडखळले, तरी दिसते ते तेच.

‘पण व्होल्टेज वाढवल्यावर थांबते ना?’ हा पूर्वपक्षाचा हुकमी एक्का. तो कधी कधी खरोखर चालतो. मात्र उपाय लागू पडला म्हणजे निदान बरोबर होते असे नाही. भार आल्यावर बोर्ड ठरलेल्यापेक्षा कमी व्होल्टेज देत असेल, तर बायोसमधला आकडा फुगवून ती तूट झाकता येते. दोष मात्र बोर्डात तसाच राहतो, आणि फुगवलेला आकडा पीसी निवांत असतानाही प्रोसेसरच्या बोकांडी बसतो. नुसता अन्वय (कारण असेल तिथे कार्य) पाहून चालत नाही, व्यतिरेकही (कारण नसेल तिथे कार्य नाही) पाहावा लागतो. तो कुणी पाहत नाही, कारण पीसी सुरू झाला की माणूस खेळायला बसतो.

मलाही तो पाहावा लागला तो नाइलाजाने. माझ्याकडचा २५००के नागपुरात कित्येक वर्षे ४.४वर, १.२९ व्होल्टवर विनातक्रार चालला. मग हौस म्हणून मी टॉवरसारखा उभा हवेचा कूलर काढून पाण्याचा बंदिस्त कूलर बसवला. (नागपुरात ‘कूलर बदलला’ म्हटले की लोक खसच्या ताट्यांची चौकशी करतात, तो वेगळा.) प्रोसेसरचे तापमान पूर्वीपेक्षा उतरले. मी खूश. मे महिन्यात मात्र पीसी पडू लागला. प्राइम९५ची परीक्षा लावली तर सुमारे चाळीस मिनिटांनी रीस्टार्ट. सल्ला ठरलेलाच होता, तो मी स्वतःच स्वतःला दिला. व्होल्टेज १.३२ केले. पंचवीस मिनिटे. १.३५ केले. पंधरा मिनिटे.

इथे मी थांबलो. कमी व्होल्टेज हे कारण असते, तर ते वाढवल्यावर पीसी जास्त वेळ टिकायला हवा होता. तो कमी वेळ टिकत होता, आणि दर पायरीला आणखी कमी. औषधाची मात्रा वाढवावी तसा रोग बळावत असेल, तर रोग तो नव्हे.

हिशेब कागदावर मांडला तेव्हा चित्र दिसू लागले. प्रोसेसर खर्च करतो ती वीज वेगाच्या सम प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग तोच ठेवून १.२९चे १.३५ केले, तरी उष्णता साडेनऊ टक्क्यांच्या आसपास चढते, गळतीची वीज वेगळीच. मला फक्त प्रोसेसरची उष्णता दिसत होती आणि ती काबूत होती. एकही कोअर सत्तर अंशांवर गेला नव्हता. पण ही सारी वीज येते कुठून? प्रोसेसरच्या सॉकेटशेजारी १२ व्होल्टचे सव्वा-दीड व्होल्ट करणाऱ्या मॉस्फेटांची रांग असते, तिच्यातून. तिथली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, आणि मॉस्फेट तापला की त्याचा रोधही वाढतो, म्हणजे तो आणखी तापतो. जुना हवेचा कूलर येता-जाता या रांगेवर वारा घालत होता. पाण्याच्या कूलरने तो वारा कॅबिनेटच्या छतापाशी नेला. प्रोसेसर गार झाला आणि त्याचा पुरवठादार भाजू लागला. खोलीचे तापमान हिवाळ्यातल्यापेक्षा पंधरा अंश वर असताना त्याची सहनशक्ती संपली. कूलर कोणताही असो, तो खोलीच्या तापमानावरच थर चढवतो. डिसेंबरात ठरवलेला ओव्हरक्लॉक मे महिन्याच्या परीक्षेला बसलेलाच नसतो.

कॅबिनेटचे एक झाकण काढून टेबलफॅन त्या रांगेवर रोखला. १.२९ व्होल्टवर परीक्षा दोन तास चालली, मीच थांबवली.

प्रतिपक्षी म्हणेल, झाकण काढल्याने प्रोसेसरही गार झाला असेल, श्रेय त्याचे. शंका रास्त आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी झाकण उघडेच ठेवून पंखा फक्त पाण्याच्या कूलरच्या जाळीवर रोखला. कोअरचे तापमान तीनेक अंश उतरले आणि पीसी पुन्हा पाऊण तासाच्या आत पडला. पंखा मॉस्फेटांवर वळवला की टिकतो, हलवला की पडतो : अन्वयही झाला, व्यतिरेकही झाला.

पूर्वपक्षाचा दुसरा आधार म्हणजे निळ्या पडद्यावरचे कोड. शौकिनांच्या तोंडी त्यांची कोष्टकेच फिरतात : १०१ आला की कोअरचे व्होल्टेज वाढवा, १२४ आला की ते किंवा मेमरी कंट्रोलरचे. विंडोजच्या लेखी मात्र १०१चा अर्थ एवढाच, की एका कोअरने ठरलेल्या मुदतीत घड्याळाच्या हाकेला ओ दिली नाही. १२४ म्हणजे दुरुस्त न होणारी हार्डवेअरची चूक. ही लक्षणांची नावे आहेत, त्यांत कारण कुठेच लिहिलेले नाही. संदेश किती फसवे असतात हे २०२४मध्ये साऱ्या जगाने पाहिले. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांवर खेळ बंद पडत, आणि पडद्यावर ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपल्याची तक्रार येई. कार्डे निर्दोष होती. फाइली उलगडताना प्रोसेसरच चुकत होता.

आणि तो का चुकत होता? त्याच वर्षी इंटेलने कारण जाहीर केले ते प्रचलित मताच्या नेमके उलट आहे : प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते, आणि त्या व्होल्टेजने व उष्णतेने घड्याळाचे ठोके कोअरभर पोहोचवणाऱ्या मंडलाची झीज होत होती. झीज झाली की त्याच वेगासाठी चिपला पूर्वीपेक्षा जास्त व्होल्टेज लागते. थोडक्यात, जास्त व्होल्टेजनेच कमी व्होल्टेजची लक्षणे निर्माण केली. याला ओव्हरक्लॉकही लागला नव्हता. योगायोग असा, की २५००केच्या जन्मवर्षीही असेच घडले होते. ३१ जानेवारी २०११ रोजी इंटेलने त्याच्या सोबतच्या चिपसेटची रवानगी थांबवली, कारण काही साटा पोर्ट कालांतराने ढासळणार होते. मुळाशी होता घड्याळाच्याच जाळ्यातला, झेपेल त्याहून जास्त व्होल्टेज पडलेला एक ट्रान्झिस्टर. म्हणून ‘चिप म्हातारी झाली’ हे वाक्य ऐकले की मी विचारतो, तिला म्हातारी केली कुणी?

आता मंडन. माझ्या मते पडणाऱ्या ओव्हरक्लॉकचे निदान वर चढून होत नाही, खाली उतरून होते. पहिले काम सगळे मूळ मापावर आणणे. तिथेही पीसी पडत असेल तर ओव्हरक्लॉकचा प्रश्नच मिटला, दोष दुसरीकडे शोधा. मूळ मापावर टिकला, तर एका वेळी एकच गोष्ट चढवायची आणि वहीत लिहायची. सर्वाधिक फसवणूक इथे रॅम करते. २५००केची अधिकृत मर्यादा डीडीआर३-१३३३ आहे. बायोसमध्ये एक्सएमपी चालू करून १६०० किंवा १८६६ची रॅम लावणारा माणूस ‘मी फक्त मल्टिप्लायर वाढवला’ असे शपथेवर सांगतो. प्रत्यक्षात त्याने प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलरही ओव्हरक्लॉक केलेला असतो आणि तिथल्या चुकांचे खापर कोअरवर फोडत असतो. रॅम १३३३वर उतरवून एक रात्र मेमटेस्ट८६+ चालवावा, मगच कोअरला बोल लावावा. बेस क्लॉकही १००वर आहे ना ते पाहावे, कारण या पिढीत पीसीआय एक्स्प्रेस आणि साटा त्याच घड्याळावर चालतात. एसएमपीएसची १२ व्होल्टची तार भाराखाली मल्टिमीटरने मोजावी, ११.४च्या खाली गेली तर मानक मोडले. सॉफ्टवेअरच्या आकड्यावर मी विसंबत नाही.

मग येतो भाराखालचा उतार. दोष म्हणून नव्हे, रचना म्हणूनच भार आला की व्होल्टेज थोडे खाली येते : वाटेत एक मिलिओहम रोध धरला आणि ८० अँपिअर वाहिले, तर ०.०८ व्होल्ट गेले. हा उतार पुसून टाकण्यासाठी बायोसमध्ये लोड-लाइन कॅलिब्रेशन असते आणि उत्साही मंडळी ते थेट शेवटच्या पायरीवर नेतात. त्याने भार एकदम सुटल्यावर उलट उसळी येते. मधली पायरी बरी.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. खरोखर व्होल्टेज कमी असते तेव्हा तेही ओळखू येते. प्राइम९५ची उत्तरे पूर्णांकाच्या अगदी जवळ यायला हवीत, फरक ०.४च्या पुढे गेला की ते चूक जाहीर करून तो धागा थांबवते. परीक्षा सुरू होऊन मिनिटभरात, काही तापायच्या आत, पुन्हा पुन्हा त्याच कोअरवर ही चूक येत असेल, रॅम उतरवूनही येत असेल, आणि मल्टिप्लायर एकाने कमी करताच नाहीशी होत असेल, तर कोअर उपाशी आहे. तेव्हा ०.०१ जरूर द्या. तिथे माझे प्रचलित मताशी भांडण नाही.

माझा पीसी आता ४.३वर आहे, १.२६ व्होल्टवर. मॉस्फेटांच्या हीटसिंकवर ८० मिलिमीटरचा एक जुना पंखा प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेला आहे, दिसायला अगदीच गावठी. परवा भाच्याचा फोन आला. “मामा, पीसी पडतोय. व्होल्टेज किती वाढवू?” मी विचारले, “चालू केल्यापासून किती मिनिटांनी पडतो?” त्याने ते पाहिले नव्हते. घड्याळ लावून पुन्हा खेळायला बसतो म्हणाला.