स्टेशन १४ वरून कोण बोलतंय?

वीज-पाणी चालवणाऱ्या कॉम्प्युटरवरचे हल्ले म्हटलं की सगळे स्टक्सनेट आणि इराणपासून सुरुवात करतात. मी आज त्याच्या दहा वर्षं मागे जाणार आहे. आणि गोष्ट आहे मैलापाण्याची, नाक मुरडू नका.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात मरुची शायर नावाचा भाग होता. २००० सालच्या सुरुवातीला तिथले सांडपाण्याचे पंप विचित्र वागायला लागले. चालायला हवेत तेव्हा बंद. अलार्म येतच नाहीत. १४२ पंपिंग स्टेशनं, सगळी रेडिओने जोडलेली, सिस्टिम नवीकोरी. लोकांना वाटलं, नवीन आहे, बसायला वेळ लागणारच. सॉफ्टवेअर पुन्हा टाकून बघितलं. फरक शून्य.

मग एका इंजिनिअरने रेडिओवरचे मेसेज नोंदवायला घेतले. चुकीचे मेसेज स्टेशन १४ वरून येत होते. तो तिथे स्वतः जाऊन आला, तर स्टेशन एकदम ठणठणीत! मग त्याने काय केलं, तर खऱ्या १४ चा नंबरच बदलून ३ केला. आता '१४' म्हणून जो बोलेल तो तोतया. मला ही युक्ती जाम आवडते, कारण यात महागडं काहीच नाही.

२३ एप्रिलच्या रात्री पोलिसांनी एक गाडी अडवली. आत लॅपटॉप आणि रेडिओ सेट. माणूस कोण? ही सिस्टिम बसवणाऱ्या ठेकेदार कंपनीचाच जुना सुपरवायझर. नोकरी सोडून त्याने तिथल्या कौन्सिलकडे काम मागितलं होतं, मिळालं नाही.

तोवर सुमारे आठ लाख लिटर मैलापाणी बागांत, नदीत आणि एका मोठ्या हॉटेलच्या आवारात गेलं होतं. ओढ्याचं पाणी काळं पडलं, जलचर मेले.

आणि त्याने फोडलं काहीच नाही हो! आपल्याला पैसे पाठवायला सहसा पिन लागतो. तिथे योग्य फ्रिक्वेन्सीवर, योग्य नंबर सांगून कुणीही बोललं तरी पंप ऐकायचा. अशा यंत्रणा बनवणाऱ्यांनी गृहीतच धरलं होतं, की लाइनवर आपलीच माणसं असणार. आपला माणूस काम सोडून जातो तेव्हा काय, हे कुणी विचारलंच नव्हतं.

२००१ मध्ये त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली.

पुढच्या भागात डिसेंबर २०१५, युक्रेन. ऑपरेटर समोर बसलाय आणि माउस आपोआप हलतोय. भेटूया!