अभ्यासगट, मेंढा (लेखा)
गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा या गोंड गावातली मोकळ्या चर्चेची बैठक. १९८० च्या दशकातील धरणविरोधी आंदोलनानंतर गावाने स्वशासनाकडे लक्ष वळवले. देवाजी तोफा आणि चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने अभ्यासगटाची पद्धत रुजली. जंगल, निस्तार हक्क (घरगुती गरजेपुरते वनोपज घेण्याचा हक्क), दारू, मध काढण्याची रीत अशा विषयांवर गावकरी आपले अनुभव मांडतात. जाणत्यांच्या आठवणी इथे पुराव्याइतक्याच मोलाच्या. बाहेरचे अभ्यासकही येतात, पण निर्णय गटात होत नाही. तो ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने. पद्धत वेळखाऊ खरी, पण कोणी डावलले जात नाही. स्वशासनाच्या याच वाटेवर २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला.