मागचापुढचा विचार

लंडनमध्ये सेंट पॉल कॅथीड्रलपासून जवळच पोस्टमन्स पार्क नावाची एक लहानशी बाग आहे. चित्रकार जी. एफ. वॉट्स यांच्या कल्पनेतून १९०० साली तेथे एक स्मारक उभे राहिले. दुसऱ्याचा जीव वाचवताना स्वतःचा जीव गमावलेल्या सामान्य माणसांची नावे तेथील चकचकीत फरशांवर नोंदवलेली आहेत. त्यांपैकी एका फरशीवर चार कामगारांची नावे आहेत. १ जुलै १८९५ रोजी ईस्ट हॅमच्या सांडपाणी केंद्रात एका सहकाऱ्याला वाचवण्यासाठी ते एकामागून एक खाली उतरले आणि वर आले नाहीत. जो प्रथम उतरून कोसळला, त्या पाचव्याचे नाव मात्र त्या फरशीवर नाही. तो नेहमीच्या कामासाठी उतरला होता. स्मारकाच्या व्याख्येत त्याचे मरण बसत नव्हते.

अशा प्रसंगाचे वर्णन करताना मराठीत एक वाक्य हमखास येते : ‘मागचापुढचा विचार न करता त्याने उडी घेतली.’ हे वाक्य आपण गौरवाने उच्चारतो. बंदिस्त जागेत काम करणाऱ्यांच्या सुरक्षा-प्रशिक्षणाचा इतिहास हा नेमका या गौरवाशी झालेला झगडा आहे, असे आम्हांला वाटते.

ईस्ट हॅमच्या मृत्यूंचा शोध शरीरशास्त्रज्ञ जे. एस. हॉल्डेन यांनी घेतला आणि हायड्रोजन सल्फाइड या वायूवर बोट ठेवले. हा वायू फसवा आहे. अल्प प्रमाणात असताना त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढले की तो घ्राणशक्तीच बधिर करतो. वास थांबला म्हणजे धोका टळला, असे समजणारा माणूस त्याच क्षणी मृत्यूच्या सर्वांत जवळ असतो. येथे अनुभव उपयोगी पडत नाही, धैर्य तर नाहीच. उपयोगी पडते ते उतरण्यापूर्वी हवा तपासणारे उपकरण.

अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९८६ साली एक इशारा प्रसिद्ध केला. बंदिस्त जागांतील मृतांपैकी साठ टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला गेलेले असतात, असे त्यात म्हटले होते. ईस्ट हॅममध्ये हे प्रमाण पाचात चार होते. म्हणूनच या प्रशिक्षणाचा सर्वांत अवघड धडा बाहेर उभ्या असलेल्या माणसासाठी असतो : आत जाऊ नकोस, मदत बोलाव, दोराने, तिपाईने, कप्पीने वर ओढ. खाली भाऊ किंवा मित्र तडफडत असताना काठावर उभे राहणे ही शिकवावी लागणारी गोष्ट आहे. ती भित्रेपणासारखी दिसते, आणि भाषेने तिला अद्याप गौरवाचा शब्द दिलेला नाही.

आपल्याकडे हे ज्ञान नव्हते असे नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ३६ ने अट घातली होती : हवा तपासून सक्षम व्यक्तीने लेखी दाखला द्यावा, नाहीतर उतरणाऱ्याने श्वसनसाधन व पट्टा घालावा आणि पट्ट्याच्या दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती असावे. पण ही अट कारखान्यापुरती होती. रस्त्याखालच्या गटारात उतरणारा माणूस तिच्या कक्षेबाहेर राहिला, आणि ते काम कोणत्या जातींच्या वाट्याला आले हे सांगण्याची गरज नाही. संरक्षक साधनांविना गटारसफाई करवून घेण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ साली आला. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासूनच्या गटारमृत्यूंसाठी प्रत्येकी दहा लाख रुपये भरपाई ठरवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख झाली. मृत्यूची किंमत वाढत गेली, याचाच अर्थ मृत्यू थांबले नव्हते.

येथे एक सावधगिरी हवी. प्रशिक्षणाचा आग्रह धरताना ‘तो शिकलेला नव्हता’ असे म्हणून दोष मृताच्याच माथी मारणे सोपे असते. आधी यंत्र, मग हवेची तपासणी, मग साधने आणि त्यानंतर प्रशिक्षण, हा क्रम उलटला की धडा हीच एक पळवाट होते. मागचापुढचा विचार करण्याचे पहिले कर्तव्य उतरणाऱ्याचे नसून उतरवणाऱ्याचे आहे.

त्या चौघांच्या धैर्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. मात्र त्या फरशीसमोर उभे राहणाऱ्याने पाचव्याचीही आठवण ठेवावी. त्याच्या कमरेला दोर असता आणि त्या दोराचे दुसरे टोक कोणाच्या तरी हातात असते, तर त्या फरशीची गरजच पडली नसती.